भरल्या जीपचं माप

नवे पाटे बसवून जॅक काढला आणि जीप आपल्या पायावर उभी राहिली, तेव्हा मी तिच्याभोवती चक्कर मारून मालकांना म्हणलं, "बघा, कशी ऐटीत उभी हाय!" मागून चांगली चार बोटं उचलली गेली होती. आधी ती मागं बसकी, पोरी चढल्या की टेकायला आलेली. आता नव्या नवरीगत ताठ.

मालक म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही आणि माझं त्यावाचून कधी अडलंही नाही. "अहो" म्हणलं की कापसातून येतात, "अहो अहो" म्हणलं की चप्पल न घालता येतात.

आमचं गाव युसूफ वडगावच्या शिवाराला लागून. इथून अंबाजोगाईला कॉलेजला जाणाऱ्या पोरींना मी रोज माझ्या जीपमधून नेते आणि आणते. सकाळची एसटी कॉलेजच्या वेळेला येत नाही, आली तर थांबत नाही, थांबली तर दारात पाय ठेवायला जागा नाही. म्हणून ही जीप. भावाची काळी-पिवळी टॅक्सी होती, माहेरी गेले की तो मोकळ्या माळावर मला स्टिअरिंगवर बसवायचा आणि आपण शेजारी बसून शेंगा खायचा. तिथंच शिकले. सासरी ही जुनी जीप घेतली तेव्हा गाव आधी हसलं, मग गावानं नावं ठेवली, आणि शेवटी आपल्या पोरी माझ्याच गाडीत बसवल्या. कावून? तर ड्रायव्हर बाई आहे म्हणून! ज्याला हसले तेच कामाला आलं. निम्म्या पोरींच्या घरी सरळ सांगितलेलं होतं, मावशीच्या जीपमधून जायचं तर जा, नाहीतर घरी बस. हे मी कधी विसरत नाही.

तर मागचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, तुटले होते. मोठा पाटा मधोमध चिरला होता, बाकीचे सपाट होऊन गेलेले. कंपनीचे जुन्या मॉडेलचे मिळेनात. मग तेलगावच्या बाजूला ऊसवाहतुकीच्या गाड्यांना पाटे करून देणारा एक जण आहे, त्याच्याकडून जाड पोलादाचे पाटे करून आणले. माल एक नंबर. त्यासोबत चारही शॉकअप लोकल बाजारातले, आणि पुढचा टायरॉडही नवा टाकला. टायरॉड म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा. तो फिरवला की चाकांची तोंडं आत-बाहेर होतात. हे सगळं आम्ही दोघांनी घरीच बसवलं. मी खाली, मालक वर. मी पाना मागायची आणि ते हातोडा द्यायचे, एवढं सोडलं तर काम झकास झालं.

पण जीप चालवली आणि माझ्या हातातली ऐट उतरली. भरलेली असली की बरी चालायची, रिकामी झाली की रस्ताभर भटकायची. स्टिअरिंग वळवलं तर वळलेलंच राहायचं, परत सरळ येण्याचं नाव नाही. उजवीकडं सावरावं तर डावीकडं जायची, डावीकडं धरावं तर मधे. बाजारच्या दिवशी पिऊन घरी निघालेल्या माणसाला धरून आणावं तसं मी त्या जीपला धरून आणत होते. खांदे भरून यायचे. पोरींना मी म्हणायचे, "नवे पाटे हायत, बसतील चार दिवसांत." पाटे बसले नाहीत. माझं तोंड मात्र बसत चाललं होतं.

एका संध्याकाळी परतताना दोनच पोरी होत्या, बाकीच्या सुट्टी लवकर झाली म्हणून आधीच एसटीनं आलेल्या. गाडी हलकी. समोरून उसाची डबल ट्रॉली आली. मी बाजूला घेतलं, डांबराच्या कडेवरून डावं चाक खाली उतरलं आणि जीप सरळ बाभळीकडं निघाली. मी स्टिअरिंग ओढलं, ते वळलं, पण परत येईना. कसंबसं दोन्ही हातांनी फिरवून थांबवली. बाभळीचे काटे आरशाला लागले, एवढंच. पण मागं बसलेल्या पोरीचं डोकं दांड्यावर आपटलं आणि कपाळाला टेंगूळ आलं. आणि पोरगी कोणाची असावी? सभापतींची!

सभापती म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी. कधीकाळी थोडे महिने पंचायत समितीचे सभापती होते, पद जाऊन जमाना झाला, पण गाव अजून सभापतीच म्हणतं आणि त्यांनाही दुसऱ्या कशानं हाक मारलेली कळत नाही. दिवेलागणीला ते आमच्या दारात आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात गाडीची किल्ली. पोरीला अंबाजोगाईला सोडायला मात्र त्या गाडीला कधी वेळ नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले, "गाडी हातात राहात न्हाई म्हणं तुमच्या."

"गाडी हातात हाय सभापती. पार्ट नवे घातलेत, अलाइनमेंट करायची ऱ्हायलीय."

"माझ्या पोरीच्या कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ आलंय. उद्या जिवावर बेतलं तर?"

त्यांचं खरं होतं. मी मान खाली घातली. मग ते मालकांकडं वळून बोलले, मी तिथं नाहीच अशागत, "बाईमाणसानं करायच्या गोष्टी असतात, न करायच्या असतात. सोमवारी सकाळी मी स्वतः गाडीत बसून बघतो. पटलं तर पोरी जातील. न्हाई पटलं तर आमच्या पुतण्यानं नवी गाडी घेतलीच हाय, तो नेईल समद्यांला."

डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. टेंगळाचं मी ऐकून घेतलं असतं, रात्रभर ऐकून घेतलं असतं. पण टेंगूळ आलं ते चाकाच्या वाकडेपणानं, आणि दोष आला माझ्या बाईपणाला! मालक म्हणाले, "बघू, बघू." त्यांच्या "बघू"वर मी चार दिवस बोलले असते, पण वेळ नव्हता.

पुतण्या तसा वाईट पोरगा नव्हता. पण गाडी चालवताना एका हातात मोबाईल, कानठळ्या बसतील असं गाणं, आणि शेजारी एखादा मित्र "काय बे, पळव की" म्हणायला. त्याच्या गाडीत कोण पोरगी पाठवणार होतं? सभापती गेले आणि थोड्याच वेळात पलीकडच्या गल्लीतली एक आई पदर सावरत आली. तिची पोरगी बारावीला, सायन्सला, हुशार. ती उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "बाई, तुमची जीप बंद झाली ना, तर हिचं कॉलेज बी बंद. हिचे मामा स्थळ घेऊनच बसलेत. मी इतके दिवस तुमच्या नावावर थोपवलंय." एवढं बोलून ती चहाही न घेता गेली. माझा जीव टांगणीला लागला तो तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी पोरींना सोडून मी अंबाजोगाईतच कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करणाऱ्या दुकानात गेले. दुकानदारानं जीपभोवती फिरून बघितलं, खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. "ताई, लोकल पाटे, लोकल टायरॉड. माझ्या मशीनमधे या गाडीचं मापच न्हाई. उगी आकडे दाखवून पैसे घेणं बरोबर न्हाई." मी जरा तडकूनच विचारलं, मग मी काय करू, जीप डोक्यावर घेऊन जाऊ का? तो हसला. भला माणूस. दुकानातली एक सायकल ओढून त्यानं मला दाखवली. सायकलचा पुढचा चिमटा खाली जाताना पुढं आलेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल असतो, फक्त डोळ्याला दिसत नाही. "तुमी मागून उचलली, म्हणून पुढचा चिमटा उभा झाला. तो कल परत आणा. आन चाकांची तोंडं पुढून किंचित आत पाहिजेत, ज्वारीच्या दाण्याएवढी. घरी करता येतं, पण चिकाटी पाहिजे." जुने पाटे परत घालावेत तर ते भंगारात गेलेले. म्हणजे चिकाटीशिवाय माझ्याकडं दुसरं काही नव्हतंच.

शनिवारी कॉलेजला सुट्टी, म्हणून सकाळीच मालकांनी कापसाची दोरी काढली. आमच्याकडं कापूस चौफुली लावतात. दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारायच्या, ती शेतात आडवी-उभी ताणायची, आणि जिथं फुली पडते तिथं बी टोकायचं. मग कुठूनही बघा, उभं बघा, आडवं बघा, तिरपं बघा, ओळ सुतात. आमच्या मालकांची ओळ पंचक्रोशीत नावाजलेली. लोक बांधावर थांबून बघतात. तोंडानं नाही बोलत, पण घरी येऊन मिशीवरून हात फिरवतात तेव्हा मला कळतं, आज कोणीतरी कापूस वाखाणला.

"चाकं सरळ करायची ना?" ते म्हणाले. "ही तर माझीच विद्या."

जीप ओट्याला लावून उभी केली. स्टिअरिंग सरळ धरून सुतळीनं सीटला बांधलं. ओट्याच्या कडेपासून माप घेऊन त्यांनी जीपच्या दोन्ही अंगांना दोरी ताणली, अगदी बांधापासून पहिली ओळ धरतात तशी. शेतात सगळं माप बांधापासूनच सुरू होतं, दुसरं कशापासून धरायचं माहीतच नाही. मग मी खाली सरपटले आणि टायरॉड अन् स्टिअरिंगकडून येणारा दांडा, असे दोन्ही दांडे फिरवत, एकेक चाक त्या दोरीला समांतर आणलं. कमरेखाली दगड, डोळ्यात माती, तोंडात ग्रीस. मालक वरून, "आत घे, बास, थोडं भाईर, बास बास." जेवायच्या आधी काम फत्ते. मी हात धुतले, जीप रस्त्यावर काढली.

अगं बाई गं! आधी भटकत होती, आता वरून वाकडी बी! सरळ जायचं तर स्टिअरिंग कायम वळवून धरावं लागे. सरळ धरलं तर जीप सरळ गटारीकडं. मी पहिल्याच वळणावरून परत आणली आणि दारात उभी करून मालकांकडं नुसतं बघितलं. माझं नुसतं बघणं त्यांना बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

ते जीपच्या मागं गेले, उकिडवे बसले, एक डोळा मिटला, कापसाची ओळ बघतात तसं जीपच्या मागून पुढं बघितलं. मग ओट्याकडं. मग परत जीपकडं.

"जीप वाकडी उभी हाय," ते म्हणाले.

मी टेप आणला. घराच्या भिंतीपासून ओट्याची कड मोजली, इकडून आणि तिकडून. "जीप न्हाई वाकडी. तुमचा ओटा वाकडा हाय!"

आता हा ओटा मालकांनी स्वतःच्या हातानं बांधलेला. त्यांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. मग त्यांनी सांगितलं. ओटा बांधताना शेजाऱ्याशी वाटेवरून कुरबूर झाली होती. भांडण नको, गावात तोंड दाखवायचंय, म्हणून त्यांनी शेजाऱ्याच्या बाजूनं वीतभर जागा सोडली आणि ओटा तिरका आणला. इतकी वर्षं त्या ओट्यावर बसून मी ज्वारी निवडली, चहा प्याले, आल्या-गेल्याला बसवलं, आणि मला कळलं नाही. पंचक्रोशीत सरळ ओळीचा माणूस, आणि स्वतःच्या दारात वाकडा ओटा, तोही चांगुलपणानं! मी हसून हसून जमिनीवर बसले. आधी ते रागावले, मग तेही हसले. खरं सांगते, त्या घडीला मला माझ्या नवऱ्याचा लई अभिमान वाटला. शेजाऱ्याशी भांडण नको म्हणून स्वतःची सरळ ओळ मोडणारा माणूस गावात दुसरा दाखवा.

"मग आता माप धरायचं कशापासून?" त्यांनी विचारलं. त्यांच्या पायाखालचा बांधच निघून गेला होता.

"जीपपासूनच," मी म्हणलं. "दुसऱ्याच्या कडेशी आपल्याला काय करायचंय?"

मग गवंडी वापरतो तसा ओळंबा घेतला, दोऱ्याला लटकवलेलं लोखंडी वजन. जीपच्या चौकटीच्या पुढच्या दोन टोकांखाली आणि मागच्या दोन टोकांखाली ओळंबा सोडून जमिनीवर पांढऱ्या फक्कीची खूण केली. दोन-दोन खुणांचा मध्य काढला, मध्यापासून मध्यापर्यंत दोरी मारली. ही जीपची स्वतःची ओळ. आता ओटा वाकडा असो, गल्ली वाकडी असो, सभापती वाकडे असोत! त्या ओळीला धरून स्टिअरिंग आणि चाकं परत सरळ केली. टायरवर खिळ्यानं रेघ ओढून पुढून आणि मागून माप घेतलं, पुढचं ज्वारीच्या दाण्याएवढं कमी ठेवलं. जीप वाकडी जायची थांबली. पण रिकामी असली की भटकणं काही जाईना. तो चिमट्याचा कल राहिलाच होता.

संध्याकाळी भाकरी टाकता टाकता मी सायकलचं मालकांना सांगत होते, दुकानदारानं सांगितलं तसं. ते जेवायचे थांबले. "म्हणजे लाकडी नांगराला पाचर मारतो तसंच की," ते म्हणाले. "फाळ उथळ चालला की हाळसाच्या, त्या लांब दांड्याच्या, भोकात पाचर मारायची, कल बदलतो, फाळ जमीन धरतो. बापानं शिकवलंय मला." मी तवा खाली उतरवला. इतके दिवस मी डोकं फोडत होते, आणि उत्तर माझ्या समोर पिठलं खात बसलं होतं.

रविवारी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडाच्या दोन पाचरा करून घेतल्या, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ. मालकांचा बाभळीच्या पाचरेचा हट्ट होता, तो मी चालू दिला नाही. पुढून जीप उचलून पाट्याचे यू-बोल्ट सैल केले, पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामधे पाचर सरकवली, जाड बाजू पुढं ठेवून. म्हणजे चिमटा परत कलला. बोल्ट आवळताना मी सगळा सभापतींवरचा राग त्या पान्यावर काढला. इतके घट्ट बोल्ट कंपनीनंही आवळले नसतील.

आणि तेव्हा मालक म्हणाले, "थांब. नांगराची पाचर बैल जुंपल्यावर बघतात. गोठ्यात पडलेल्या नांगराला बघून काय कळतंय?"

खरंच की! जीप रोज भरून जाते, आणि आम्ही माप रिकाम्या जीपचं घेत होतो! भरल्यावर मागचे पाटे दबतात, मागची बाजू खाली येते, चाकांचं सगळं बदलतं. मग माणसं बसवूनच मोजायला पाहिजे. आणि माणसं कुठली? ज्यांना रोज न्यायचं, तीच.

मी घरोघरी गेले. "पोरीला जरा पाठवा, दप्तर घेऊन." सुट्टीच्या दिवशी दप्तर कशाला, म्हणून आया चक्रावल्या, पण पोरी आल्या. आणि त्यांच्या मागं निम्मं गाव आलं. रोजच्या जागांवर पोरी बसल्या, मांडीवर दप्तरं, ओढण्या सावरून, लग्नाच्या फोटोला बसल्यागत. सभापतींची पोरगीही आली, बापाला न सांगता, कपाळावर हळदीचा लेप. "मावशी, हलायचं न्हाई का?" तिनं विचारलं.

"श्वास घ्या, पण हलू नका."

हसायला सुरुवात झाली की जीप हालायची आणि दोरीजवळ मालक ओरडायचे, "ए पोरींनो, हसू नका, ओळ हलतीय!" त्यावर पोरी अजून हसायच्या. त्यांच्या आया ओट्यावर बसून बघत होत्या, बाप लांब उभे राहून बघत होते, कोणी म्हणत होतं जरा आत घे, कोणी म्हणत होतं भाईर घे, ज्यांनी आयुष्यात पाना धरला नाही तेही सांगत होते. मी जीपखाली पाठीवर पडून टायरॉड सूतभर फिरवला, मालकांनी परत रेघ मोजली. पुढचं माप ज्वारीच्या दाण्याएवढं कमी. भरल्या जीपचं. मी नट आवळला आणि सरपटत बाहेर आले तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या त्या आईनं आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. मला मात्र माझी ती सगळी माती तशीच ठेवावीशी वाटली.

सोमवारी सकाळी देवळापाशी जीप उभी केली. पोरी आयाबापांसोबत उभ्या, कोणी चढेना. सगळ्यांचे डोळे सभापतींकडं. ते पुढं येऊन माझ्या शेजारी बसले, आणि म्हणाले, "आधी रिकामीच चालवा."

रिकामीच! म्हणजे बाभळीकडं गेली होती तशी. गावाबाहेर काढली, वळण घेतलं आणि स्टिअरिंग हातातून सैल सोडलं. ते आपोआप, हातातून सरकत, सरळ येऊन थांबलं. माझ्या तळव्यांना जे वाटलं ते मी कोणाला सांगू शकत नाही. पुढं सरळ रस्ता लागला. मी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून चार बोटं वर धरले.

"वहिनी! हात!" सभापती ओरडले आणि त्यांनी समोरचा दांडा धरला.

"हात इथंच हायत सभापती. तुमी रस्ता बघा." जीप सुतासारखी सरळ चालली होती. खड्डा आला, चाक बसलं, उठलं, परत सरळ. मी हात परत स्टिअरिंगवर ठेवले. एक ट्रॅक्टर समोरून आला, मी डांबराच्या कडेवरून डावं चाक मुद्दाम खाली उतरवलं आणि परत वर घेतलं. जीप एकदा डुलली, आणि आपल्या वाटेला लागली. सभापतींचे पांढरे कपडे घामानं पाठीला चिकटले होते. मी गाडी वळवून परत देवळापाशी आणली.

ते उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "बरं."

बरं? दोन दिवस मातीत लोळले, आणि बरं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ते काही न सांगताच घराकडं निघून गेले. पोरी तशाच उभ्या. आया माझ्याकडं बघतायत, मी मालकांकडं, मालक मातीकडं. कोणी म्हणालं, "पटलं न्हाई वाटतं." त्या पलीकडच्या आईनं आपल्या पोरीचा हात घट्ट धरला. मी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर मला वाटतं मी रडले असते.

मग सभापती परत आले. त्यांच्यासोबत त्यांची पोरगी होती, आणि तिच्यामागं अजून एक पोरगी, नवं कोरं दप्तर छातीशी धरून, अंगावर जरा घट्ट झालेला ड्रेस. मी तिला गावात क्वचितच बघितलं होतं.

"ही माझ्या भावाची पोरगी," सभापती म्हणाले. "दहावी झाल्यापासून घरीच बसवली होती. आज हिचं नाव घालतो कॉलेजात. हिला बी घेऊन जा, आजपासून रोज."

माझ्या लक्षात आलं. ही त्याच पुतण्याची सख्खी बहीण. "हिच्या भावाची तर नवी गाडी हाय की," मी म्हणलं. जीभ माझी, गप्प बसेल कशी.

सभापतींनी इकडंतिकडं बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी हाय वहिनी. तुमच्याइतका भरोसा न्हाई."

त्यावर बाकीच्या पोरी एकमेकींना ढकलत चढायला लागल्या. मागून मालकांनी खाकरून मिशीवरून हात फिरवला. सभापतींसमोर मला डोळ्याला पदर लावायचा नव्हता. म्हणून मी त्या नव्या पोरीवरच खेकसले, "अगं, उभी काय ऱ्हायलीस? पुढं माझ्याजवळ बस. आन दार नीट ओढून लाव, लांब जायचंय."